पेपरातली ती चौकट : धनकोंच्या सभेआधीची नोटीस कशी वाचायची



विषय कळवला तेव्हा आयोजकांपैकी एकांनी आम्हाला हळूच विचारलं होतं, "नोटिशीवर तासभर बोलणार? लोक बसतील का?" तुम्ही बसला आहात. म्हणजे तुमच्यापैकी काहींचे पैसे कुठेतरी अडकलेले आहेत, असं धरून चालतो.

आम्ही हिशेब तपासण्याच्या धंद्यातली माणसं. कोर्टात उभं राहणं आमचं काम नाही, आणि आज सांगू ते वकिली सल्ला म्हणून घेऊ नका. पण कंपनी बुडाली की माणूस आधी वकिलाकडे जात नाही. ज्याच्याकडे त्याचं वहीखातं असतं त्याच्याकडे येतो. त्यामुळे या नोटिसा आम्हाला वाचाव्या लागतात.

काही वर्षांपूर्वी वाडीचे एक वाहतूकदार आमच्याकडे आले. तीन ट्रक स्वतःचे, बाकी भाड्याने लावलेले. एका कारखान्याचा माल त्यांनी दोन वर्षं वाहिला आणि ९ लाख ६० हजारांची बिलं थकली. कारखाना बंद पडला. पुढे तो पुन्हा सुरू झाला, फाटकावर नवं नाव लागलं. काका खूश. नवा मालक पैसेवाला आहे म्हणून जुन्या बिलांची थप्पी घेऊन गेले. तिथल्या अकाउंटच्या मुलाने अगदी नम्रपणे सांगितलं, "काका, तुमचं नाव यादीत नाही. यादीत नसलेलं देणं संपलं." काकांचं म्हणणं एकच होतं : "मला तर कोणी कळवलंच नाही."

आम्ही जुने अंक काढून बघितले. कळवलं होतं. निविदा सूचना आणि नावबदलाच्या जाहिराती यांच्या मधल्या चौकटीत, मराठीत. पेपर काकांच्या घरी रोज येत होता.

आजचं व्याख्यान त्या चौकटीवर आहे.

थोडी पार्श्वभूमी. २०१६ साली नादारी व दिवाळखोरी संहिता आली. कंपनी देणी फेडू शकत नसेल तर तिचं प्रकरण राष्ट्रीय कंपनी विधी न्यायाधिकरणाकडे, म्हणजे एनसीएलटीकडे जातं. नागपुरात त्याचं खंडपीठ नाही, आपली प्रकरणं मुंबईला चालतात. अर्ज दाखल करून घेतला की त्या दिवसापासून संचालक मंडळाचे अधिकार थांबतात आणि कारभार एका अंतरिम व्यावसायिकाकडे जातो. त्याला सगळे आयआरपी म्हणतात, आपणही तेच म्हणू. त्याच दिवसापासून कंपनीवर वसुलीचे दावे लावायला, चालू असलेले पुढे रेटायला मनाई होते. म्हणजे तुमचा दिवाणी दावा जिथे असेल तिथे थांबला.

आता इथे एक गोष्ट लक्षात घ्या. हा अर्ज करायला किमान १ कोटीची थकबाकी लागते. पूर्वी ती मर्यादा १ लाख होती, मार्च २०२० मध्ये १ कोटी झाली. म्हणजे हिंगणा किंवा बुटीबोरीतला छोटा पुरवठादार स्वतःहून प्रकरण सुरू करू शकेल अशी शक्यता कमीच. प्रकरण बँक सुरू करणार, किंवा मोठा पुरवठादार. तुमच्या हातात राहतं ते एवढंच, की सुरू झाल्याचं वेळेत कळणं.

आणि कळवण्याची कायद्याने ठरवलेली रीत म्हणजे ती चौकट. आयआरपीने नेमणुकीपासून ३ दिवसांत जाहीर घोषणा द्यायची. एका इंग्रजी आणि एका प्रादेशिक भाषेतल्या पेपरात. कुठल्या गावच्या? कंपनीचं नोंदणीकृत कार्यालय जिथे आहे तिथल्या, मुख्य कार्यालय जिथे आहे तिथल्या, आणि आयआरपीच्या मते जिथे कंपनीचा महत्त्वाचा धंदा चालतो तिथल्या. शिवाय कंपनीच्या संकेतस्थळावर आणि आयबीबीआय, म्हणजे भारतीय नादारी व दिवाळखोरी मंडळाच्या संकेतस्थळावर. 'आयआरपीच्या मते' हे शब्द बारकाईने बघा. कारखाना बुटीबोरीत आणि नोंदणी मुंबईला किंवा कोलकात्याला असेल, तर नागपूरच्या पेपरात नोटीस येईलच असं नाही. त्याच्या मताने ठरतं. म्हणून आम्ही आमच्या ग्राहकांना सांगतो, पेपरवर अवलंबून राहू नका. आयबीबीआयच्या संकेतस्थळावर जाहीर घोषणांचं पान आहे, कंपनीच्या नावाने शोधता येतं, पैसे पडत नाहीत. ज्यांच्याकडून मोठं येणं आहे त्या चार-पाच कंपन्यांची नावं आठवड्यातून एकदा टाकून बघायची. चहा होईपर्यंत होणारं काम आहे.

आता चौकट वाचू. वर लिहिलेलं असतं 'फॉर्म ए, जाहीर घोषणा'. त्याखाली 'अमुक कंपनीच्या धनकोंच्या माहितीसाठी'. इथेच बरेच लोक पान उलटतात, कारण धनको म्हणजे बँक असं डोक्यात बसलेलं असतं. धनको म्हणजे घेणेकरी. ज्याने डबे पुरवले, पहारेकरी पाठवले, मशीन दुरुस्त केलं, ज्याचा दोन महिन्यांचा पगार राहिला, तो प्रत्येक जण धनको. या नोटिशींचं मराठी इतकं कडक इस्त्रीचं असतं की आपल्याच भाषेत आपल्यालाच बोलावलंय हे कळू नये. 'कॉर्पोरेट ऋणको' म्हणजे बुडालेली कंपनी, एवढं धरून पुढे चला.

कंपनीचं नाव, स्थापनेची तारीख, ओळख क्रमांक, पत्ता. नावाशी थांबू नका, ओळख क्रमांक तुमच्या बिलावरच्या कंपनीशी जुळवा. एकाच समूहाच्या चार कंपन्या असतात, नावात एका शब्दाचा फरक. तुम्ही माल दिला एकीला आणि बुडाली दुसरी, असंही होतं.

पुढची ओळ नादारी प्रक्रिया सुरू झाल्याची तारीख. ही फार महत्त्वाची. तुमचं येणं या तारखेपर्यंतचं मोजायचं. करारात व्याज असेल तर तेही या तारखेपर्यंतच. त्यानंतर तुम्ही कंपनीला माल देत राहिलात, तर ते देणं वेगळं. तो प्रक्रियेचा खर्च धरला जातो आणि त्याचा क्रम सगळ्यांच्या आधी लागतो. जुनं बिल आणि नवं बिल एका कागदावर मिसळून ठेवणारे आम्ही बघितलेत. तसं करू नका.

मग प्रक्रिया संपण्याची अंदाजे तारीख. कायद्यात १८० दिवस आहेत, ९० वाढवून मिळतात, आणि कोर्टकचेरीसकट ३३० दिवसांत आटपावं असं लिहिलेलं आहे. प्रत्यक्षात किती लागतात हे नागपूरकरांना सांगायला नको. त्या तारखेवर मुलीचं लग्न ठरवू नका.

त्याखाली आयआरपीचं नाव, नोंदणी क्रमांक, पत्ता, ईमेल. आणि मग दावा सादर करण्याची शेवटची तारीख. ही सगळ्या चौकटीचा जीव. ती असते आयआरपीच्या नेमणुकीपासून १४ दिवस. त्यातले तीन नोटीस छापण्यातच गेले, एक-दोन तुमच्या हातात पडेपर्यंत. उरतात नऊ-दहा दिवस.

फॉर्म वेगवेगळे आहेत. माल किंवा सेवा दिली असेल तर फॉर्म बी. पैसे उसने दिले असतील, कर्ज दिलं असेल तर फॉर्म सी. घर नोंदवलेल्यांचा सीए. कामगार-कर्मचाऱ्यांचा डी, आणि सगळ्या कामगारांच्या वतीने एकाने भरायचा असेल तर ई. यात कशातच न बसणाऱ्यांचा एफ. फी नाही. पुरावा म्हणून करार, बिलं, पोचपावत्या, बँकेचा उतारा, जीएसटीची विवरणपत्रं, ई-वे बिलं. कारखान्याच्या गेटवर शिक्का मारून मिळालेली पोच हा आमच्या अनुभवात सगळ्यात बोलका कागद. तो सांभाळा.

तारीख हुकली तर? लगेच सगळं संपत नाही. २०२३ च्या दुरुस्तीनंतर, प्रक्रिया सुरू झाल्यापासून ९० दिवस किंवा खरेदीदारांकडून आराखडे मागवण्याची तारीख, यातली जी नंतरची असेल तिथपर्यंत दावा देता येतो. उशिराचं कारण लिहून. त्याहीनंतर दिला, तर निराकरण व्यावसायिक कारण तपासतो, धनको समितीपुढे शिफारशीला ठेवतो आणि शेवटी न्यायाधिकरणाने उशीर माफ करावा लागतो. दार हळूहळू लागत जातं.

आणि एकदा न्यायाधिकरणाने आराखडा मंजूर केला, की पूर्ण लागतं. १३ एप्रिल २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने घनश्याम मिश्रा अँड सन्सच्या प्रकरणात स्वच्छ सांगितलं, की मंजूर आराखड्यात नसलेली सगळी देणी संपुष्टात येतात. खाजगी माणसाची संपतात, सरकारचीही संपतात. यामागचं कारण समजण्यासारखं आहे. बुडालेली कंपनी कोणी विकत घ्यावी असं वाटत असेल, तर घेणाऱ्याला एकूण देणं किती ते आधी कळलं पाहिजे. रोज नवा माणूस जुनं बिल घेऊन येऊ लागला तर कोण पुढे येईल? वाडीच्या काकांना हे पटलं नाही. आम्हालाही त्यांच्यासमोर बोलताना जड गेलं.

"पण मला माहीतच नव्हतं" या सबबीचं काय होतं? सप्टेंबर २०२३ मध्ये आरपीएस इन्फ्रास्ट्रक्चरच्या प्रकरणात हाच प्रश्न आला. दावा २८७ दिवस उशिरा आला होता. आराखडा धनको समितीत मंजूर झाला होता, न्यायाधिकरणाची मंजुरी बाकी होती. न्यायालय म्हणालं, जाहीर घोषणा पेपरात आली होती, म्हणजे तुम्हाला माहिती होती असंच धरलं जाईल. धंदा करणाऱ्याने जागं राहायला हवं होतं. वाचलं की नाही हा मुद्दाच उरत नाही. छापलं, म्हणजे कळलं.

आपल्या गावचंच उदाहरण घ्या. नागपूरची मुरली इंडस्ट्रीज. सिमेंट, कागद, तेल असा पसारा. चंद्रपूर जिल्ह्यात कोरपना तालुक्यातल्या नारंड्याला वर्षाला ३० लाख टनांचा सिमेंट कारखाना. २०१७ मध्ये कंपनी या प्रक्रियेत गेली. जुलै २०१९ मध्ये मुंबईच्या न्यायाधिकरणाने दालमिया सिमेंटचा ४०२ कोटींचा आराखडा मंजूर केला आणि सप्टेंबर २०२० मध्ये कंपनी त्यांच्या ताब्यात आली. त्यानंतर मार्च २०२१ मध्ये आयकर खात्याने जुन्या एका वर्षाचं, २०१४-१५ चं, प्रकरण पुन्हा उघडायची नोटीस काढली. कंपनी उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात गेली. डिसेंबर २०२१ मध्ये खंडपीठाने ती नोटीस रद्द केली. आराखड्यात नसलेली मागणी मंजुरीनंतर उकरता येणार नाही, खात्याने आपलं येणं न्यायाधिकरणापुढे वेळेत मांडायला हवं होतं, असा त्याचा रोख. बघा, ज्या खात्याला कोणाच्या खात्यात काय आलं ते कळतं, त्यालाही उशीर चालला नाही.

नागपूरला हे तत्त्व नवं नाही, हेही जाता जाता सांगू. नागपूर मध्य प्रांताची राजधानी होती तेव्हा, १९३३ साली, प्रांताने कर्ज तडजोडीचा कायदा केला. देशात असा कायदा पहिल्यांदा इथेच झाला. शेतकरी कर्जाखाली दबलेला, म्हणून मंडळं नेमली. मंडळ नोटीस काढून सावकारांना म्हणायचं, तुमचं येणं किती ते ठराविक मुदतीत लिहून द्या. जो देणार नाही त्याचं कर्ज फिटलं असं समजलं जाई. तेव्हा नोटीस न वाचणारा सावकार मरायचा. आता तेच हत्यार उलट्या हातात गेलंय, नोटीस न वाचणारा ट्रकवाला मरतो. नियमाचा दगडपणा तसाच, माणसं बदलली.

आता सभेकडे येऊ. लोकांचा सगळ्यात मोठा गैरसमज इथे आहे. चौकट वाचली, दावा लावला, आता धनकोंची सभा असेल तेव्हा जाऊ आणि बँकवाल्यांना तोंडावर विचारू. तसं नाही. पेपरातली घोषणा सभेचं आमंत्रण नाही, ती दावे मागवण्याची हाक आहे. सभेची नोटीस वेगळी असते, ती पेपरात येत नाही. यादीतल्या सभासदांना किमान ५ दिवस आधी हातोहात, टपालाने किंवा मेलवर जाते. समितीने ठरवलं तर ही मुदत २४ तासांपर्यंत कमी करता येते, घर घेणाऱ्यांसारखा गट असेल तर ४८ तासांपर्यंत. म्हणून फॉर्ममध्ये अकाउंटंटच्या जुन्या नोकरीतला ईमेल लिहू नका. स्वतः उघडता तोच द्या.

यादीत कोण? समितीत मतदानाला बसतात फक्त कर्ज देणारे, म्हणजे बँका, वित्तसंस्था, घर घेणारे. कंपनीच्या मालकांचे नातेवाईक आणि त्यांच्या इतर कंपन्या कर्जदाते असले तरी बाहेर. मत डोक्यावर नाही, रकमेवर. आराखडा मंजूर व्हायला ६६ टक्के मतं लागतात. समजा एकूण कर्ज १०० कोटी आणि एकाच बँकेचे ७० कोटी, तर ती बँक एकटी ठरवते. बाकीच्यांनी सभेत चहा प्यायचा. पहिली सभा समिती झाल्यापासून ७ दिवसांत. गणपूर्तीला ३३ टक्के. व्हिडिओवरून बसता येतं, त्यामुळे मुंबईच्या भाड्याचा प्रश्न तरी उरला नाही.

मग माल पुरवणाऱ्याला काहीच जागा नाही? आहे, आणि ती फार थोड्यांना माहीत आहे. सगळ्या पुरवठादारांचं मिळून येणं एकूण कर्जाच्या १० टक्के किंवा त्याहून जास्त असेल, तर त्यांच्या प्रतिनिधीला सभेची नोटीस द्यावी लागते. तो बसू शकतो, बोलू शकतो. मत नाही. पण विषयपत्रिका हातात येते, काय चाललंय ते कळतं, आणि "आमचं बिल वादग्रस्त म्हणून का नाकारलं?" हे समोरासमोर विचारता येतं. आता हिशेब करा. वाडीतले तीस ट्रकवाले, त्यातल्या सहांनीच दावा लावला, तर दहा टक्के कुठून भरणार? बाकीच्या चोवीस जणांना वाटतं, आपले दोन-दोन लाख, कशाला कटकट. त्यांच्या न भरलेल्या फॉर्ममुळे त्या सहांचीही खुर्ची जाते. संघटनेच्या एका मेसेजने जे झालं असतं ते होत नाही. याची चुटपुट आम्हाला काकांच्या ९ लाख ६० हजारांपेक्षा जास्त लागते.

कर्ज देणारा कोणी नसेल, किंवा सगळे मालकांचेच नातेवाईक असतील, तर मात्र समिती पुरवठादारांचीच होते. सगळ्यात मोठे १८ आणि कामगार व कर्मचाऱ्यांचा एकेक प्रतिनिधी. असं क्वचित होतं, पण होतं.

पैशांबद्दल खोटी आशा देणार नाही. कंपनी विकून येणाऱ्या पैशांचा क्रम कायद्याने लावलेला आहे. आधी प्रक्रियेचा खर्च, मग तारणवाल्या बँका आणि त्यांच्या बरोबरीने कामगारांची २४ महिन्यांची देणी, मग इतर कर्मचाऱ्यांचे १२ महिने, मग विनातारण कर्जवाले, मग सरकारी देणी, आणि त्याखाली उरलेले, म्हणजे तुम्ही. आराखड्यात पुरवठादाराला किमान तेवढं मिळालं पाहिजे, जेवढं कंपनी मोडीत काढली असती तर मिळालं असतं. ते किमान बऱ्याचदा शून्य निघतं. आराखडा चांगला असेल तर काही टक्के हातात येतात, आणि ते बँकांच्या आधी द्यावे लागतात. मग दावा लावायचा कशाला? कारण लावला नाही तर ते काही टक्केही नाहीत, वाद घालायची जागाही नाही, आणि नवा मालक तुम्हाला ओळखायलाही बांधील नाही.

वेळ संपत आली, पण पेपरात दिसणाऱ्या सारख्याच चौकटींबद्दल दोन शब्द. कधी 'धनकोंच्या सभेची सूचना' असं खरोखरच छापलेलं असतं, तारीख, वेळ, ठिकाणासकट. ती बहुधा कंपनी कायदा २०१३ च्या कलम २३० खालची असते. कंपनी बुडालेलीच असते असं नाही. विलीनीकरण असेल किंवा देण्यांची फेररचना असेल, न्यायाधिकरण सभा बोलावतं. किमान ३० दिवस आधी सूचना, आणि तिथे मूल्याने तीन चतुर्थांश मतं लागतात. त्या सभेला तुम्ही खरंच जाऊ शकता, मत देऊ शकता. दोन्ही चौकटी एकाच पानावर येतात आणि लोक अदलाबदल करतात. पतसंस्था बुडाली तर प्रकरण सहकार कायद्याखाली जातं, अवसायकाची नोटीस येते, तिथे आजचं काहीच लागू नाही.

आता प्रश्न घेऊ.

एका ताईंनी चिठ्ठी दिली आहे : बिल्डर कंपनी या प्रक्रियेत गेली, आम्ही फ्लॅटचे पैसे भरलेत, आम्ही कोण? ताई, २०१८ पासून तुम्ही कर्ज देणाऱ्यांत मोडता, बँकेच्या रांगेत. तुमचा फॉर्म सीए. नोटिशीतच तीन प्रतिनिधींची नावं असतात, त्यातलं एक तुम्ही फॉर्ममध्ये निवडायचं. सभेत तो बसतो. तुमच्यापैकी जेवढे मत देतील, त्यातल्या निम्म्याहून जास्त मतांचा कौल तो सगळ्यांच्या वतीने देतो. म्हणून मेलवर मतदानाची लिंक आली की मत द्या, दोन-चार शेजाऱ्यांनी तुमचं ठरवून टाकू नये.

मागून विचारताहेत, चेक बाउन्सची केस चालू आहे तिचं काय. कंपनीपुरती थांबते. सही करणाऱ्या संचालकांवर चालू राहते, मार्च २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तसं म्हटलं आहे. पण ती केस चालू आहे म्हणून दावा लावायचा राहू देऊ नका. दोन्ही वेगळं.

चुकीचा फॉर्म भरला तर? फेब्रुवारी २०२४ मध्ये ग्रेटर नोएडाच्या प्राधिकरणाच्या प्रकरणात न्यायालय म्हणालं, फॉर्म चुकला एवढ्यावरून दावा फेकून देता येत नाही, त्यातला मजकूर बघावा. तारीख चुकण्यापेक्षा फॉर्म चुकलेला बरा. शंका असेल तर भरून पाठवा, मग आयआरपीला विचारा.

शेवटचा प्रश्न, त्या काकांना पैसे मिळाले का. नाही मिळाले. मागच्या वर्षी दुसऱ्या एका कंपनीत त्यांनी अकराव्या दिवशी फॉर्म बी लावला, सोबत आणखी सात जणांना घेऊन. आठही दावे मंजूर झाले आहेत. रक्कम अजून आलेली नाही.